चेहऱ्याच्या ईएमजी (स्नायू आकसताना त्वचेवर मिळणाऱ्या विजेच्या) सिग्नलवरून ओठांची हालचाल आधीच ओळखता येते का? बी.ई.च्या प्रोजेक्टला किती इलेक्ट्रोड लागतील?

ओळखता येते. पण मिशी असेल तर आत्ताच विचार करा.

मी एम.ई.ला हाच विषय घेतला होता. वरच्या ओठाचा सिग्नल हवा तर इलेक्ट्रोड नेमका मिशीच्या जागी येतो आणि केसांवर जेल कितीही थापा, तो धरत नाही. मित्रांपैकी कोणी तयार होईना, म्हणून मीच मिशी उतरवली आणि शनिवारी तसाच गावी गेलो. आजी दारात तांदूळ पाखडत होती. वर बघितलं आणि सूप खाली ठेवून म्हणाली, "अरे, बाप धडधाकट असताना?" बाप मागे ओट्यावर चहा पीत होता. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

तर एवढं करून मिळालेला डेटा. ओठांच्या कडेला टिकल्या चिकटवल्या, मोबाइलवर व्हिडिओ काढला, टिकल्यांमधलं अंतर मोजलं आणि ते अंतर ईएमजीवरून काढायचं मॉडेल बसवलं. आलेख व्हिडिओवर असा बसला की सर खूश. मला मात्र खटकत होतं. एकमेकांवर चढलेल्या २०० मिलिसेकंदांच्या विंडो, म्हणजे सिग्नलचे तुकडे, पत्त्यांसारख्या पिसून ट्रेन (मॉडेलला शिकवायच्या) आणि टेस्ट (तपासायच्या) डेटामध्ये वाटलेल्या. म्हणजे मी बोललेल्या एकाच "पोहे" शब्दाचा अर्धा तुकडा इकडे, अर्धा तिकडे. पेपर आधीच फुटलेला! दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रोड नव्याने लावून तेच मॉडेल चालवलं, तर आलेख कुठल्या कुठे. इलेक्ट्रोड तीन-चार मिलिमीटर सरकला, खुंट वाढले, संपलं. ओठांभोवतीचे स्नायू एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की जरा बाजूला झालात की शेजाऱ्याचं ऐकू येतं.

सर म्हणाले, पहिल्या दिवसाचाच आलेख टाक, परीक्षक एवढं विचारत नाहीत. मी दोन्ही टाकले. ग्रेड गेली. आजही माझं मत तेच आहे: दुसऱ्या दिवसाचा निकाल नसलेला ईएमजी प्रोजेक्ट म्हणजे थाप.

दुसरं भांडण हनुवटीचं. "विषय ओठांचा आहे ना, मग ओठांवरच लाव," हा सरांचा हट्ट. ओठांभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ओरिस ओठ मिटतो, चंबू करतो. तोंड उघडायला मुख्यतः जबडा खाली येतो आणि तो खेचणारा डायगॅस्ट्रिक हनुवटीखाली असतो. तिथे इलेक्ट्रोडची जोडी नसेल तर "आ" तुम्हाला कळणारच नाही. शिवाय ईएमजी जोर सांगतो, जागा नाही. मिटलेले ओठ आणखी दाबून बघा: सिग्नल उसळेल, टिकल्या हलणार नाहीत. म्हणून मॉडेलला त्या क्षणाआधीचा थोडा इतिहासही द्यावा लागतो.

"आधीच" म्हणाल तर सिग्नल हालचालीच्या काही डझन मिलिसेकंद आधी येतो. मोबाइलचा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर दोन फ्रेमच्या मध्येच ३३ मिलिसेकंद जातात, मग आधी काय आणि नंतर काय कळणार? स्लो-मोशन वापरा.

इलेक्ट्रोड: वरचा ओठ, खालचा ओठ, गालावर झायगोमॅटिकस (हसताना ओठाचा कोपरा वर ओढणारा स्नायू), हनुवटीखाली, अशा चार जोड्या आणि कानामागे एक रेफरन्स (बाकीचे सिग्नल ज्याच्या तुलनेत मोजायचे तो इलेक्ट्रोड). सॅम्पलिंग १००० हर्ट्झच्या खाली नको. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर फिल्टर लिहायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढा.

यावरून शब्द ओळखायचा विचार असेल तर जपून. "पापा", "बाबा", "मामा" म्हणताना ओठ जवळपास तेच करतात, फरक घशात आणि नाकात.

आणि हो, हे सगळं एकाच चेहऱ्यावरचं आहे, माझ्या. तुमचं वेगळं येऊ शकतं. घरी बनवलेलं सर्किट फक्त बॅटरीवर चालवा, माणसाला लावलेलं असताना भिंतीतल्या प्लगशी त्याचा कसलाही संबंध नको.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी दुसऱ्या आलेखाबद्दल खरोखरच काही विचारलं नाही. टिकल्या कुणाच्या, एवढंच विचारलं. बहिणीच्या होत्या.