घरी असण्याचे दिवसही कॅलेंडरवर लिहा

प्रश्न: ताई, मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की सायकलपटूनं घरच्यांसाठी रेस सोडली तर त्याला नावं ठेवू नका. मला नाही पटलं. 2023 च्या टूर द फ्रान्समध्ये वाऊट व्हान आर्ट बायकोची डिलिव्हरी जवळ आली म्हणून मधूनच घरी गेला, आणि त्याचा टीममेट विंगेगार्ड तेव्हा पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे होता. त्याला मदत करण्याचाच पगार घेतो ना तो? – एक जुना वाचक

उत्तर: दादा, तुमचा मुद्दा खोटा नाही. टूरमध्ये एका टीमचे आठच रायडर असतात, एक गेला की त्याच्या जागी दुसरा आणता येत नाही, मग वारा अडवणं, मागच्या गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांसाठी बाटल्या आणणं, पळालेल्यांचा पाठलाग करणं हे सगळं उरलेल्या सातांच्या पायावर येतं. पण तो कधी गेला तेही बघा ना. 21 पैकी 18 व्या स्टेजच्या, म्हणजे टप्प्याच्या, आधी गेला, आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत विंगेगार्डनं आधी टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळतात त्यात, आणि मग डोंगरात मुख्य प्रतिस्पर्धी पोगाचारला इतकं मागे टाकलेलं की फरक साडेसात मिनिटांवर गेला होता. शेवटी 7 मिनिटं 29 सेकंदांनी टूर जिंकला विंगेगार्ड. आणि वेळ आली तर व्हान आर्ट घरी जाणार हे टूर सुरू व्हायच्या आधीच बोलून झालेलं होतं. मला यातलं हे आधी बोलणंच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ऐनवेळी सांगितलं असतं तर टीमचीही ओढाताण आणि घरीही ताण. पगार घेतो म्हणून मूल जन्मताना फोनवर हजर राहावं असं मी कोणालाच सांगणार नाही, तुम्हालाही नाही.

प्रश्न: ताई, माझा नवरा प्रोफेशनल रायडर आहे. वर्षाला सत्तरेक दिवस रेसिंग, वर कॅम्प. पण मला त्रास तो बाहेर असतो त्याचा नाही होत, घरी असतो तेव्हाचा होतो. सकाळी जातो, पाच तासांनी येतो, खातो, पाय वर करून झोपतो. मुलगी सहा वर्षांची आहे. काही बोललं की म्हणतो, मी घरीच तर आहे. – नाव नको

उत्तर: हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलंय गं. माझा नवराही रेसिंग करायचा. दारात त्याच्या सायकलिंग शूजच्या तळाच्या कडक क्लीट्सचा टक टक आवाज आला की आमचा मुलगा, तेव्हा पाचएक वर्षांचा असेल, उठून टीव्हीचा आवाज बारीक करायचा. आम्ही कोणी कधी शिकवलं नव्हतं त्याला. बाबा आला की घर गप्प होतं एवढं त्यानं बघून ठेवलेलं. ज्या दिवशी माझ्या ते लक्षात आलं त्या दिवशी मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून फक्त एवढंच सांगितलं, भांडले नाही, आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही.

आता तुझ्या नवऱ्याच्या बाजूनंही सांगते. ते झोपणं म्हणजे आळस नाही, रिकव्हरी ट्रेनिंगचाच भाग आहे, ती चुकली की दुसऱ्या दिवशीची मेहनत वाया जाते. त्यात ग्रँड टूर, म्हणजे टूर द फ्रान्ससारखी तीन आठवड्यांची रेस, असेल तर 21 स्टेजेस आणि मध्ये दोन विश्रांतीचे दिवस, त्याआधी तीन-तीन आठवडे दोन हजार मीटरच्या वर कॅम्प. शिवाय डोपिंग टेस्टचं असं की रोज एक तास ठरवून द्यायचा, त्या तासात मी अमुक ठिकाणी सापडेन म्हणून, पहाटे पाच ते रात्री अकराच्या मधला कुठलाही, आणि बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. म्हणजे वाढदिवसाला अचानक आजीकडे मुक्काम करायचा ठरला तरी आधी अॅपवर पत्ता बदलायचा. आमच्याकडे सकाळी सहाला बेल वाजली की मी अंगावर शाल ओढून दार उघडायचे, दारात कोण असेल ते माहीतच असायचं.

पण हे सगळं खरं असलं तरी मुलीला त्याचा काय उपयोग? मार्सेल किटेल, टूरच्या 14 स्टेजेस जिंकलेला स्प्रिंटर, 2019 मध्ये 31 व्या वर्षी थांबला, आणि त्याच्या कारणांत एक हेही होतं की मुलाला स्काइपवर मोठं होताना बघायचं नव्हतं. सगळ्यांनी थांबावं असं मी म्हणत नाही, घर त्या पैशावर चालतं. आम्ही एक केलं, कोचकडून महिन्याचा प्लॅन आला की त्याच कागदावर मुलाचा तास लिहायचो. रिकव्हरी राईडच्या दिवशी, तासभर हळू चालवायची असते तेव्हा मुलगा त्याच्या छोट्या सायकलवर सोबत. इंटरव्हल्सच्या, म्हणजे थांबून थांबून जोरात चालवायच्या दिवशी काहीच मागायचं नाही. आधी मला वाईट वाटलं, बापाची भेट काय टाइमटेबलमध्ये लिहायची, पण जे लिहिलेलं नसतं ते या धंद्यात होतच नाही. मोठी लढाई नको, एका महिन्यापुरतं करून बघ.

आणि तू काम करत असशील तर ते सोडू नकोस. दरवेळी बायकोनंच मागे राहावं असं कुठे लिहिलंय? ब्रिटिश सायकलपटू लिझी डाइग्ननला 2018 मध्ये मुलगी झाली, तिचा नवरा स्वतः प्रोफेशनल रायडर, त्यानं त्याच वर्षी रेसिंग थांबवलं आणि बाळाला सांभाळलं. ती 2021 मध्ये बायकांची पहिली पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली एका दिवसाची खडतर रेस जिंकली, ऐंशीहून जास्त किलोमीटर एकटी पुढे, दगडी रस्त्यांवर, ग्लोव्हज न घालता, शेवटी हँडलच्या टेपवर तिच्या हातांचं रक्त दिसत होतं.

प्रश्न: मी 22 वर्षांचा आहे, आमच्या भागातून प्रोफेशनल टीममध्ये गेलेला पहिलाच. घरी आलो की शाळा, क्लब, ओळखीचे सगळे बोलावतात. नाही म्हटलं की मोठा झाला म्हणतात, हो म्हटलं की ट्रेनिंग बुडतं. काय करू?

उत्तर: आधी एक सांगते, तुला अपराधी वाटतंय याचा अर्थ तुला त्यांची किंमत आहे. ते राहू दे.

एरिट्रियाचा बिनियाम गिरमाय 2022 च्या मार्चमध्ये गेन्ट-वेवेल्गेम ही बेल्जियममधली रेस जिंकला तेव्हा 21 वर्षांचा होता. पुढच्याच रविवारी टूर ऑफ फ्लँडर्स ही तिथलीच त्याहून मोठी रेस होती, सगळ्यांना वाटत होतं हा तिथेही उतरेल. तो एरिट्रियाला घरी गेला, कारण बायको आणि लहान मुलीला तीन महिने बघितलं नव्हतं. ठरलेलं होतं तसं गेला. 2024 मध्ये त्यानं टूरच्या तीन स्टेजेस आणि सगळ्यात जास्त गुणांसाठीची हिरवी जर्सी जिंकली, आणि राजधानी अस्मारात अख्खं शहर स्वागताला आलं. फ्रेंच रायडर तिबो पिनोचंही बघ, शेवटपर्यंत मेलिसे नावाच्या आपल्या छोट्या गावातच राहिला, शेळ्या-मेंढ्या पाळत. 2023 ला निवृत्त होताना टूरच्या 20 व्या स्टेजला पेती बालों डोंगराच्या चढावरच्या एका वळणावर त्याच्या लोकांची एवढी गर्दी, की तो एकटा पुढे आला तेव्हा रस्ता जेमतेम सायकलपुरता उरला होता. ही माणसं काही त्यानं दर कार्यक्रमाला हजेरी लावली म्हणून आली नव्हती.

तर सीझनमध्ये नाही म्हणायचं, पण नुसतं नाही म्हणून सोडायचं नाही, तारीख द्यायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुला सुट्टी असते. क्लबच्या पोरांना भाषणापेक्षा तुझ्यासोबत एक सकाळची हळू राईड जास्त आवडेल, तेवढी तर तुला सीझनमध्येही जमेल. आणि शाळेला आजच फोन कर, तुझा तू, मॅनेजरकडून नको.