अँजिओप्लास्टीनंतर रंकाळ्यावर चालायला येताय?

दादा, आधी डॉक्टरांचा होकार घ्या, मगच बूट बांधा. पहिल्याच दिवशी अख्ख्या रंकाळ्याला फेरी मारायच्या फंदात पडू नका. पाच-दहा मिनिटं रमतगमत, मग झेपेल तेवढं झपझप, शेवटी पुन्हा पाच मिनिटं सावकाश. चालता चालता गपकन थांबलात तर रक्त पायांत साचतं, बीपी उतरतं, चक्कर येते. हळूहळू आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत जायचं. घाई कुणाला आहे?

मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असली की नाडी फारशी चढतच नाही, आणि गडी उगाच ताणतो. त्यापेक्षा शेजाऱ्याशी बोलत चाला. वाक्य सलग बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये, एवढाच वेग. जुने तालमीतले असाल तरी जोर-बैठका डॉक्टरांना विचारूनच. तांबडा-पांढरा ओरपून लगेच येऊ नका. (ओरपूच नका म्हणणार होतो, पण कोल्हापुरात ऐकतंय कोण!)

डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी) दिली असेल तर ती शर्टाच्या खिशात ठेवा, गाडीच्या डिकीत नव्हे. छाती, जबडा किंवा हात भरून आला तर तिथंच कट्ट्यावर बसा, गोळी जिभेखाली धरा. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर 108 लावा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जायचं नाही.