स्मार्ट सिटीचं तंत्रज्ञान आपल्या शहरांत का फसतं? ते इथल्या परिस्थितीला कसं जुळवून घ्यावं?

सिग्नल आणि कॅमेऱ्यांवर लिहिणारे इथे पुष्कळ भेटतील. मी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता होतो, तेव्हा मीटरपुरतंच बोलतो. खरं तर लिहिणारही नव्हतो, पण प्रश्नाखाली तुम्ही 'लोकांना शिस्त नाही' असं जोडलंय, ते झोंबलं.

आमच्याकडे पाणी चार दिवसांआड. (शहराचं नाव नको.) त्यात सल्लागार आले आणि स्मार्ट मीटरचं ठरलं. रीडिंग आपोआप, बिल मोबाइलवर, कार्यालयात भिंतभर पडदा. बैठकीत मी म्हटलं, साहेब, चार दिवस रिकामी पडलेली लाइन आधी हवा सोडणार, मग पाणी. मीटरच्या आतला पंखा हवेनेही फिरतो. तर म्हणे, तुम्ही जुन्या वळणाचे!

मीटर बसले. पहिल्या पाळीला मी एका वाड्यात मुद्दाम जाऊन उभा राहिलो. नळ फुसफुसतोय, खालची कळशी कोरडी, आणि मीटरमधली लाल चांदणी भिंगरीसारखी गरगरतेय. घरातल्या आजी म्हणाल्या, "आता वाऱ्याचेपण पैसे घेणार का?" पाणी आलं तशा शेजारच्यांनी थेट नळालाच मोटारी लावल्या. लावणारच की, तासाभरात चार दिवसांचं भरायचं असतं. टोकाच्या गल्लीत दाबच नाही, तिथल्या मीटरांनी बरीचशी हवाच मोजली. पडद्यावर सगळं हिरवंगार. बिलं निघाल्यावर मोर्चा आला तेव्हा शिव्या खायला मी आणि व्हॉल्व्ह उघडबंद करणारा चावीवाला, सल्लागार विमानात.

त्या चावीवाल्याला तर कुणी काही विचारलंच नाही. कुठल्या व्हॉल्व्हचे किती आटे सोडले की वरच्या आळीला पाणी चढतं, हे त्याला पाठ. रात्री चावीचा दांडा कानाला लावून गळती सांगायचा. स्थानिक परिस्थितीला जुळवायचं म्हणजे आधी हे कागदावर उतरवायचं, मग सॉफ्टवेअर मागवायचं.

बाकी क्रम साधा आहे. झोन पाडा, सडलेल्या लाइन बदला, दाब टिकवा, मग मीटर. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर आणि जादा वापराला चढते दर हे करून दाखवलंय. बेळगाव, हुबळी-धारवाड, गुलबर्ग्यातल्या काही वॉर्डांत २००८ मध्येच चोवीस तास पाणी सुरू झालं. तिथली माणसं काय वेगळी होती? स्मार्ट सिटी अभियान जून २०१५ मध्ये सुरू झालं, १०० शहरं घेतली, मार्च २०२५ मध्ये गुंडाळलं. मुदतीत पैसे खर्च करायचे असले की जमिनीखालची पाइप कुणालाच नको असते. ती फोटोत येत नाही, पडदा येतो.

मी मीटरविरोधी नाही, हेही सांगून ठेवतो. टाक्यांच्या आउटलेटला प्रवाह मोजणारे फ्लोमीटर पाहिजेतच, त्याशिवाय एकूण गळती किती ते कळत नाही. ध्वनिलहरींनी मोजणारे अल्ट्रासॉनिक मीटर हवेने फिरत नाहीत, मान्य, पण त्यांचे दर बघा आणि मग बोला.

तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर सभेत उठून विचारा, पाणी यायच्या आधीची दहा मिनिटं मीटर काय मोजणार? हरकत लेखी द्या, पोच घ्या. मी हरकत तोंडीच घेतली होती. पुढे अहवालात आलं, 'पाणीपुरवठा विभागाची हरकत नव्हती.'