बिघाड असलेलं विमान उडवायची परवानगी देतं तरी कोण?

ताई, नारिंगी जॅकेट घातलेला, गळ्यात कानाची बोंडं अडकवलेला, कॉकपिटच्या दारात उभ्या उभ्याच वहीत काहीतरी खरडून सही करून उतरून गेलेला जो माणूस तुम्ही पाहिलात, तो माणूस मी सव्वीस वर्षं होतो. त्यामुळे हे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

तुमची हकिगत थोडक्यात अशी: पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून सकाळचं दिल्लीचं विमान, दारं लागल्यावर पाऊण तास बसवून ठेवलं, एसी बंद, घामाच्या धारा. मग पायलटने सांगितलं की एपीयू चालत नाही. तो दुरुस्त न करताच विमान निघालं. बिघडलेलं विमान सोडलं कसं, डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) झोपलीय का, आणि भाच्याला बारावीनंतर एएमईला, म्हणजे माझ्यासारखा विमान दुरुस्तीचा इंजिनिअर व्हायला, घालावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी घामाचं सांगतो. एपीयू म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन. विमान जमिनीवर असताना वीज आणि एसीची हवा तेच देतं, मोठी इंजिनं सुरू करायला लागणारी दाबाची हवाही तेच देतं. ते बंद असेल तर बाहेरून यंत्र आणून हवा द्यावी लागते. एक इंजिन जागेवरच सुरू करायचं, यंत्र बाजूला काढायचं, मग त्या इंजिनाच्या हवेवर दुसरं. तुमचा वेळ यात गेला. हवेत गेल्यावर वीज आणि एसी दोन्ही मोठ्या इंजिनांवर चालतात, म्हणून एपीयूवाचून उड्डाण सहसा अडत नाही. त्रास झाला, धोका नव्हता.

पण ‘अडत नाही’ हे ठरवायचं कोणी? पायलटने नाही आणि त्या नारिंगी जॅकेटवाल्यानेही नाही. त्यासाठी प्रत्येक कंपनीकडे एक जाडजूड यादी असते, एमईएल. कोणती वस्तू बंद असताना विमान नेता येईल, कोणत्या अटींवर आणि किती दिवस, हे त्यात कलमवार लिहिलेलं असतं. मूळ यादी विमान बनवणाऱ्याच्या देशात मंजूर होते. कंपनी त्यावरून आपली यादी करते, ती मूळ यादीपेक्षा सैल असून चालत नाही आणि डीजीसीएच्या मंजुरीशिवाय वापरता येत नाही. ‘बी’ वर्गातला बिघाड तीन दिवसांत काढायचा, ‘सी’ दहा दिवसांत, ‘डी’ एकशेवीस दिवसांत. सापडला तो दिवस धरत नाहीत. ‘ए’ वर्गाची मुदत त्या त्या कलमातच दिलेली असते. मुदत संपली की विमान उभं. आणि यादीत बसत असूनही कॅप्टनला पटलं नाही, तर तो नेणार नाही म्हणू शकतो. तसं म्हणणारे कॅप्टन मी पाहिलेत, आणि त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलोही आहे.

आता सहीचं. ती वही म्हणजे टेक लॉग. पायलटने स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहायचा, इंजिनिअरने तो काढायचा किंवा एमईएलवर टाकायचा, आणि खाली सही करून आपला नंबर घालायचा. ती सही कंपनीच्या वतीने असली तरी परवाना माझा असतो. उद्या काही निघालं तर कंपनीला नोटीस जाईलच, पण माझा परवाना निलंबित होऊ शकतो, आणि तो गेला की दुसऱ्या कंपनीतही मी पान्याला हात लावून उपयोग नाही, सही करता येणार नाही. माझ्या मते ही सगळी व्यवस्था याच एका गोष्टीवर उभी आहे. डीजीसीएचा माणूस प्रत्येक विमानाखाली वाकून बघत नसतो, बघूही शकणार नाही. बघणारा कोण असावा, त्याला काय येत असावं आणि त्याने खोटी सही केली तर त्याचं काय जाईल, हे डीजीसीए ठरवते.

एक रात्र सांगतो, कंपनीचं नाव नको. लोहगावच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, रात्री दीडच्या सुमाराला टॉर्च घेऊन फिरताना डाव्या चाकाच्या खोबणीत हायड्रॉलिक तेल गळताना दिसलं. गळती म्हटलं की लोक घाबरतात, पण थोड्या गळतीला मुभा असते. अमुक जागी मिनिटाला इतके थेंब चालतील, असं मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये आकड्यानिशी दिलेलं असतं. तेव्हा मी पुठ्ठा अंथरला आणि घड्याळ धरून थेंब मोजत बसलो. स्टेशन मॅनेजर शेजारी उभा, सकाळी सहाचं उड्डाण, पूर्ण भरलेलं. पहिल्यांदा मोजले, मर्यादेपेक्षा दोन जास्त. तो म्हणाला, परत मोजा. परत मोजले, दोन जास्त. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच मोजले आणि एक कमी आला. मग म्हणाला, “बघा साहेब, एकाचाच तर फरक राहिला.” मी म्हटलं, तुमच्याकडे परवाना असेल तर तुमचा आकडा लिहा. विमान एओजी झालं, म्हणजे दुरुस्तीपर्यंत जमिनीवर अडकलं. सील मुंबईहून गाडीने एक्सप्रेसवेवरून आलं, त्यात घाटात ट्रक आडवा. उड्डाण साडेअकराला गेलं आणि प्रवाशांनी मला काचेतूनच काय ते ऐकवलं. महिनाभराने डीजीसीएचे एक अधिकारी टेक लॉग चाळायला आले, त्या पानावर थांबले, “थेंब कशावर मोजले?” एवढंच विचारलं आणि पान उलटलं. शाबासकी वगैरे काही नाही.

तर डीजीसीए झोपलीय का? झोपलेली नाही, पण माणसं कमी आहेत. या कामाचा पाया १९४४ च्या शिकागो करारात, म्हणजे विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे. त्याची परिशिष्टं आहेत, आणि माणसांच्या परवान्यांचं परिशिष्ट पहिलं, विमानाच्या उड्डाणयोग्यतेचं आठवं. क्रम योगायोगाचा असेल, मला मात्र तो बरोबर वाटतो. आपल्याकडे १९३४ चा कायदा नव्वद वर्षं चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. रोजचं काम मात्र ‘कार’ म्हणतात त्या नियमावल्यांवर चालतं: दुरुस्ती करणाऱ्या संस्थेसाठी कार-१४५, इंजिनिअरच्या परवान्यासाठी कार-६६, शिकवणाऱ्या संस्थेसाठी कार-१४७. प्रत्येक विमानाच्या उड्डाणयोग्यतेची कागदोपत्री आणि प्रत्यक्ष फेरतपासणी दरवर्षी होते, तिचं प्रमाणपत्र विमानात ठेवावं लागतं. शिवाय वर्षभराचा तपासणीचा आराखडा असतो आणि मधूनच न सांगता विमानापाशी येऊन उभं राहणं असतं. कधी रात्री येतात. खरी परीक्षा तीच, कारण विमानांची दुरुस्ती रात्रीच होते.

या अचानक तपासण्यांचा उपयोग होतो का? २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तांत्रिक बिघाडांच्या बातम्या लागोपाठ आल्या होत्या, आठवत असेल. तेव्हा डीजीसीएने ठिकठिकाणी जाऊन पाहिलं. बिघाडाचं कारण नीट शोधलं जात नाही, एमईएलवर विमानं सोडण्याचं प्रमाण वाढलंय आणि लहान स्टेशनांवर पुरेशा परवान्याचे इंजिनिअरच नाहीत, असं निघालं. कंपन्या ‘ए’ वर्गाच्या परवान्यावर भागवत होत्या. ‘ए’वाल्याला ठरावीक, साधी कामंच सोडता येतात; इंजिन, सांगाडा वगैरे ‘बी१’चं काम आणि एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ‘बी२’चं. जुलै २०२२ मध्ये आदेश निघाला की प्रत्येक विमान बी१ किंवा बी२ परवान्याच्या माणसानेच सोडायचं, मुदत दहा दिवस. बाहेरच्या माणसाला हा कारकुनी आदेश वाटेल. आमच्यासाठी मोठा होता, कारण तो यंत्राबद्दल नव्हताच, सही कोणाची हवी याबद्दल होता.

माणसं कमी असण्याची किंमत देशाने एकदा मोजलीय. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या डीजीसीएने, भारताला सुरक्षा देखरेखीच्या दुसऱ्या, खालच्या श्रेणीत टाकलं. मुख्य कारण विमानांची अवस्था नव्हतं. वैमानिकांचं काम तपासणारे पूर्णवेळ निरीक्षक डीजीसीएकडे पुरेसे नव्हते. त्या काळात आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणं वाढवता येईनात. एप्रिल २०१५ मध्ये पहिली श्रेणी परत मिळाली. आणि तरीही २०२५ मध्ये संसदीय समितीने काय दाखवून दिलं? मंजूर पदं १०६३, भरलेली ५५३. विमानांच्या ऑर्डरी शेकड्यांनी देणाऱ्या देशाला हे शोभत नाही. अनुभवी माणूस कंपनीत गेला तर कितीतरी जास्त पगार मिळतो, मग सरकारी पदासाठी कोण थांबणार? दंडाच्या बातम्या येतात तेव्हा मला दंडाच्या रकमेपेक्षा या रिकाम्या खुर्च्यांची जास्त काळजी वाटते.

पुण्याचं आणखी एक त्रांगडं आहे, ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. लोहगावची धावपट्टी आणि टॉवर हवाई दलाचे, टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं, विमान आणि त्याचे लोक डीजीसीएच्या कक्षेत. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीला निघालेलं ए३२१ विमान धावपट्टीवर वेगात असताना पायलटला पुढे जीप आणि माणूस दिसला. त्याने वेळेआधीच नाक उचललं आणि शेपटी जमिनीला घासली. विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. डीजीसीएने कॉकपिटमधल्या आवाजाचं रेकॉर्डिंग काढून घ्यायला सांगितलं, पण जीप धावपट्टीवर कशी आली हे विचारायला हवाई दलाकडेच जावं लागतं. उलट हडपसरला जाऊन बघा: तिथलं ग्लायडिंग सेंटर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं उडवायला शिकवणारं केंद्र, वर्षानुवर्षं थेट डीजीसीएच चालवत आली. स्वतःच नियम करायचे आणि स्वतःच ग्लायडर उडवायचे, ही गंमत पुण्यातच.

मोठा अपघात झाला तर तपास डीजीसीए करत नाही, तो २०१२ पासून एएआयबी या वेगळ्या अपघात तपास संस्थेकडे असतो. ते बरंच झालं. नाहीतर स्वतःच्याच देखरेखीतल्या चुका स्वतःच शोधायच्या.

पायलटांबद्दल उरकतो, तो माझा प्रांत नाही. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास, एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याला दीड हजार. वर्ग एकची वैद्यकीय तपासणी, प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळं रेटिंग, आणि परवाना मिळाल्यावरही सिम्युलेटरमध्ये नियमित परीक्षा. उड्डाणाआधी बारा तास दारू नाही. २०११ मध्ये गोव्याला एक विमान पुढच्या चाकावर आपटत उतरलं. ‘असं का उतरवलं’ म्हणून चौकशी सुरू झाली, धागा ओढत ओढत त्या वैमानिकाच्या परवान्याच्या परीक्षेच्या गुणपत्रिकेपर्यंत गेला आणि गुणपत्रिका बनावट निघाली. मग सगळ्यांचीच कागदपत्रं तपासली, तर आणखी काही तशीच निघाली. म्हणजे ती त्रुटी कागद देणाऱ्या टेबलावरच होती, आणि ती सापडली एका वाईट लँडिंगमुळे.

आता भाचा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर पुढे जा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर ‘डीजीसीए मान्यताप्राप्त’ लिहिलंय एवढ्यावर फी भरू नका. डीजीसीएच्या संकेतस्थळावर कार-१४७ संस्थांची यादी असते, त्यात त्या संस्थेचं नाव आणि नेमकी कोणत्या वर्गाची मान्यता आहे ते बघा. मोठी टर्बाइन विमानं करायची असतील तर बी१.१, एव्हिऑनिक्स हवं असेल तर बी२. ‘कोर्सबरोबर डिग्रीपण देतो’ म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: मागच्या बॅचमधल्या किती मुलांची सगळी मॉड्यूल, म्हणजे परवान्याच्या परीक्षेचे विषय, निघाली? डिग्रीवर टेक लॉगमध्ये सही करता येत नाही. मॉड्यूलच्या परीक्षा डीजीसीए घेते, पास व्हायला ७५ टक्के लागतात. ७४ म्हणजे नापास, आणि हे मी स्वतः एकदा अनुभवलंय.

शिवाय कोर्स संपला म्हणजे परवाना मिळाला असं नाही, प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव नोंदवहीत दाखवावा लागतो. कोरा परवाना हातात आला तरी त्यावर विमानाचा प्रकार चढल्याशिवाय आणि कंपनीने अधिकार दिल्याशिवाय विमान सोडता येत नाही. बारावीपासून पहिल्या खऱ्या सहीपर्यंत सहासात वर्षं धरून चला. मधल्या काळात पगार बेताचा आणि हात ग्रीसने काळे. परवान्याचं पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, आणि मागच्या दोन वर्षांत सहा महिने काम केलेलं नसेल तर सही करता येत नाही. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर तिसऱ्या वर्षी ‘शेजारच्याचा मुलगा हिंजवडीला लागला’ सुरू होतं.

जमलं तर आधी चौकशी करून, ग्लायडर उडत असतील तर, त्याला एखाद्या रविवारी हडपसरला बघायला घेऊन जा. ग्लायडर हवेत गेल्यावर तो वर बघतो की ग्लायडर वर ओढणाऱ्या विंचच्या दोराची कडी तपासणाऱ्या माणसाकडे, ते मला इथेच लिहून कळवा. मग कोणत्या संस्थांना फोन करायचा ते सांगतो.