गावातल्या पाण्याचा प्रोजेक्ट: फिल्टरचं डिझाइन आत्ताच नको

तू विचारलंयस की थर्ड इयर मेकॅनिकलच्या चार पोरांची टीम आहे, विहिरीचं पाणी पिणाऱ्या गावासाठी फिल्टर बनवायचाय, सुरुवात कुठून करू. मी म्हणेन ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकापासून. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणारा, पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची ओटी टेस्ट घेणारा तोच, आणि तुमचं सबमिशन झालं की तुम्ही बसवाल ते चालवणाराही बहुतेक तोच. पाणी सोडायच्या वेळी त्याच्याबरोबर जा आणि पावडर कुठे ठेवलीय ते बघ, पोतं उघडं, दमट जागी पडून राहिलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं, मग माप बरोबर घेऊनसुद्धा शेवटच्या नळाला ओटीत पिवळा रंग येत नाही. तिथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. प्रॉब्लेम एवढाच निघाला तर झाकणाचा ड्रम पुरेल, फिल्टर कशाला?

उलट लिटरमागे फ्लोराइड १.५ किंवा नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर टीसीएल टाका नाहीतर पाणी उकळा, काही फरक पडत नाही, आधी दुसरा स्रोत शोधावा लागतो. म्हणून डिझाइनच्या आधी सॅम्पल सरकारी लॅबला द्या.

टीममध्ये केमिस्ट्रीचं कोणीतरी घ्या आणि एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य शिकणाऱ्या) एक-दोन मुली घ्याच, पाणी भरणाऱ्या बायका तुम्हा चौघांशी काय मोकळं बोलणार! आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ केंद्र १९८५ पासून आहे, त्यांचे विद्यार्थी गावात जाऊन पाणी योजना का बंद पडल्या हे तपासतात, ते रिपोर्ट मिळवून वाच.

आणि कॉर्नेल विद्यापीठाचं ‘अग्वाक्लारा’ बघ, २००५ मध्ये सुरू झालेलं. होंडुरासमधल्या छोट्या गावांच्या शुद्धीकरण केंद्रांसाठी रिसर्च आणि डिझाइन विद्यार्थ्यांनी करायचं, बांधकाम आणि ऑपरेटरचं ट्रेनिंग तिथल्याच संस्थेने. वीज लागत नाही, सगळं उतारावर चालतं, गाळ बसवणाऱ्या केमिकलचा डोस तराजूसारख्या दांडीने प्रवाहाप्रमाणे आपोआप कमीजास्त होतो, ऑपरेटरने फक्त गढूळपणा बघून काटा सरकवायचा. मला हे कुठल्याही सेन्सरवाल्या मॉडेलपेक्षा भारी वाटतं (परीक्षकांना वाटेलच असं नाही).

एक राहिलं. तुमची सेमिस्टर मे महिन्यात संपेल आणि विहिरीचं पाणी खराब होतं जून-जुलैत, तेव्हा पावसाळ्यातली रीडिंग पुढच्या बॅचने घ्यावीत असं गाइडकडून आत्ताच ठरवून घे.