बाटल्या भरण्याचं काम

प्रश्न: माझ्या मुलीनं पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं, ६८ टक्के मिळाले. दहावी-बारावीला ती नव्वदच्या वर होती. गेले आठ महिने ती नगरपालिकेच्या आरोग्य विभागात कंत्राटावर आहे. काम काय, तर नळाच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि प्रयोगशाळेत पोचवायच्या. आता तिथेच निरीक्षक म्हणून कायम नेमणूक आली आहे. आमच्या मते हे सफाईचं खातं आहे, त्यासाठी तिला एवढं शिकवलेलं नाही. तिनं एमबीए करावं आणि जायचंच असेल तर पर्यावरण आरोग्य कार्यक्रमाची व्यवस्थापक म्हणून थेट वरच्या पदावर जावं, असं आम्ही ठरवलं आहे. नेमणुकीचं पत्र सध्या माझ्या कपाटात आहे. उत्तर द्यायला दहा दिवस आहेत. ती रुसून बसली आहे. कोणतं एमबीए चांगलं आणि तिला कसं समजवावं? – एक वडील

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कपाटापाशी अडखळले. एमबीएचं नंतर बघू. आधी ते पत्र बाहेर काढा आणि ज्या नावानं आलंय त्या व्यक्तीच्या हातात द्या.

तुमचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. टपाल तुमच्या हाती पडलं असेल, ‘निवांत बसून बोलू’ म्हणून ठेवून दिलं असेल, आणि मग तो निवांतपणा आलाच नसेल. घराघरांत असंच होतं. पण एम.एस्सी. झालेल्या, आठ महिने स्वतः कमावणाऱ्या मुलीचं नेमणूकपत्र वडिलांच्या कपाटात आणि किल्ली वडिलांच्या खिशात, हे चित्र जरा तिऱ्हाईताच्या नजरेनं पाहा. तुमच्या पत्रात ‘आमच्या मते’ आहे, ‘आम्ही ठरवलं’ आहे. तिच्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘ती रुसून बसली आहे.’ तेही तुमचं निदान. ती कदाचित रुसलेली नसेलच. तिनं ‘नाही’ म्हटलं असेल आणि ते ऐकायची घरात कुणाला सवय नसेल.

तिला कसं समजवावं, असं तुम्ही विचारता. आठ महिन्यांत तिला काय समजलं, हे तुम्ही तिला विचारलंत का? मला शंका आहे. विचारलं असतं, तर ‘काम काय, तर बाटल्या भरायच्या’ हे वाक्य तुमच्या हातून लिहिलं गेलं नसतं.

त्या बाटलीचंच सांगते. पाण्यातले जंतू तपासायला जी बाटली देतात ती निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारं औषध, घातलेलं असतं. नवखा माणूस ती नळाखाली धरतो आणि भरण्याआधी चांगली खळखळून धुतो. आपल्याला तशीच सवय असते ना! पण धुतलं की आतलं औषध गेलं. मग पाण्यातलं क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं आणि नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी कागदोपत्री शुद्ध होतं. नळाला जे येतंय ते तसंच येत राहतं. म्हणजे स्वच्छतेच्या सवयीनंच अहवाल खोटा ठरला, आणि तो खोटा आहे हे कुणाला कळणारही नाही. तुमच्या मुलीला हे आठ महिन्यांपूर्वीच माहीत झालेलं आहे. तिच्या पुढच्या साहेबाला ते माहीत असेलच, याची खात्री मी देणार नाही.

आता ‘सफाईचं खातं’ हा गैरसमज. तो तुमचा एकट्याचा नाही, फार जुना आहे, आणि त्यानं माणसं मारली आहेत. १८४० च्या दशकात लंडनमध्ये शहर-सफाईचे पुरस्कर्ते एडविन चॅडविक आणि त्यांच्या मंडळींना ठाम वाटायचं की रोग दुर्गंधीतून होतात. तेव्हा काढा घाण, लोटा गटारात, गटारं सोडा थेम्समध्ये. मनापासून केलेली सफाई होती ती. आणि शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचं पाणी मिळायचं त्याच थेम्समधून. १८४८-४९ च्या पटकीत, म्हणजे घाण पाण्यातून पसरणाऱ्या कॉलऱ्यात, लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसं गेली. पुढं १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीचं मूळ म्हणून लंडनच्या ज्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं, त्याच्या पाण्याला चव इतकी चांगली होती की तो भाग सोडून हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई तिथलं पाणी मुद्दाम मागवून प्यायची. ती हॅम्पस्टेडमध्ये बसून पटकीनं गेली. स्वच्छ दिसणं, छान लागणं आणि निरोगी असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे समजणारं जे खातं त्यातून तयार झालं, ते हे. झाडू मारणाऱ्यांचं काम कमी दर्जाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण हे काम वेगळं आहे. पाणी, सांडपाणी, खानावळींची स्वयंपाकघरं, डास, उंदीर, पोहण्याचे तलाव, पिसाळलेल्या जनावरांचे चावे या सगळ्यांतून माणसाच्या पोटात किंवा रक्तात काय शिरतंय, याचा माग काढण्याचं.

राहिला ‘थेट वरच्या पदावर’ हा आग्रह. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातलं शेणखत झिरपून गावाच्या पाच नंबरच्या विहिरीत उतरलं. क्लोरीन पुरेसं असतं तर निभावलं असतं. पण पाणीपुरवठ्याची माणसं कित्येक वर्षं क्लोरीन मोजतच नव्हती. रोज नोंदवहीत क्लोरीन लिटरमागे ०.५ किंवा ०.७५ मिलिग्रॅम असं लिहून मोकळी व्हायची. २,३०० हून जास्त लोक आजारी पडले, सात मेले.

तुम्ही हुशार आहात, लगेच म्हणाल, ‘तिथला पाणीपुरवठ्याचा व्यवस्थापक तर खालूनच वर आला होता, मग तुमचा फिल्डवरचा अनुभव कुठं गेला?’ अगदी बरोबर. त्याला वर्षानुवर्षांचा अनुभव होता, त्या अनुभवावर परीक्षेशिवाय प्रमाणपत्रही मिळालं होतं. क्लोरीन कशासाठी घालायचं, हे मात्र तो कधी शिकला नव्हता. विहिरीचं कच्चं पाणी तो आणि त्याची माणसं स्वतः प्यायची, इतका त्यांचा त्यावर विश्वास. म्हणून नुसता अनुभव मी कुणालाही सुचवत नाही. तुमच्या मुलीकडे शास्त्र आहे, त्याला आता हाताची जोड मिळते आहे, आणि नेमकी तीच जोड तुम्ही तोडायला निघाला आहात.

त्या गोष्टीतलं मला महत्त्वाचं वाटणारं पात्र मात्र दुसरंच आहे. स्थानिक आरोग्य कार्यालय. १९ मे रोजी एका बालरोगतज्ज्ञानं कळवलं की रक्ताच्या जुलाबाची मुलं आली आहेत. कार्यालयानं पाणीपुरवठ्याला फोन लावला: पाणी ठीक आहे ना? उत्तर आलं, ठीक आहे. त्याआधी दोनच दिवस, १७ तारखेला, पाण्यात ई. कोलाय हे विष्ठेतून येणारे जंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल त्या व्यवस्थापकाच्या हातात पडला होता. तो त्यानं दाबला. आरोग्य कार्यालयाकडे कागद नाही, पुरावा नाही, उलट ‘पाणी उत्तम’ अशी ग्वाही. आणि रुग्णांचे फोन थांबत नाहीत. २१ मे, रविवार. कार्यालयानं स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर केलं: पाणी उकळून प्या. त्यांच्या स्वतःच्या नमुन्यांचे निकाल आले २३ तारखेला.

व्यवस्थापन म्हणतात ते हे. रविवारी दुपारी, हातात अहवाल नसताना, समोरचा शपथेवर ‘ठीक आहे’ म्हणत असताना, गावाला पाणी पिऊ नका म्हणून सांगायचं. चुकलो तर सगळे हसणार, आणि थांबलो तर काय होईल ते तुम्ही वाचलंतच. बरं, हा आदेश रेडिओवरून दिला होता आणि त्या दिवशी तो कळला गावातल्या निम्म्याच लोकांना. पुढच्या चौकशीत त्याबद्दलही बोल लागला. निर्णय बरोबर घेऊन भागत नाही, तो दारोदार पोचवावाही लागतो. एमबीएच्या वर्गात अंदाजपत्रक शिकवतील, मनुष्यबळ शिकवतील. ‘ठीक आहे’ हे फोनवरचं उत्तर खोटं आहे हे कानाला कसं कळतं, ते तिथं शिकवत नाहीत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी या खात्यात निरीक्षक होती. एका मोठ्या स्वयंपाकघरात शीतपेटीच्या दारावर तापमानाचा तक्ता लावलेला होता. महिनाभराच्या नोंदी, सकाळ-संध्याकाळ, सगळीकडे ४. एकच पेन, अक्षराला एकच कल. तिनं घड्याळ पाहिलं, सकाळचे अकरा. तक्त्यावर त्या दिवसाची संध्याकाळची नोंद भरून तयार होती! ती काही बोलली नाही. पिशवीतला तापमापक काढला, बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते आधी पाहिलं आणि मग आत ठेवला. अकरा अंश. आज तिच्या हाताखाली नऊ निरीक्षक आहेत. त्यांचे अहवाल ती त्याच नजरेनं वाचते, आणि कुणी गाडीत बसून भरलेला कोणता, हे तिला पहिल्या पानावर कळतं. ही नजर वरून खाली येत नाही हो.

या कामाची गुलाबी जाहिरात मी करणार नाही. हाताखाली माणसं कमी आणि तपासायच्या जागा जास्त, हे बहुतेक ठिकाणचं रडगाणं. मग कुठं वर्षातून तीनदा जायचं आणि कुठं एकदाच, हे धोका बघून ठरवावं लागतं, आणि जिथं एकदाच गेलो तिथंच काही झालं की तोफेच्या तोंडी व्यवस्थापक. नोटीस काढली की लोकप्रतिनिधीचा फोन: ‘जरा सांभाळून घ्या.’ एकाच स्वयंपाकघराला दोन निरीक्षक दोन वेगळे शेरे देतात, आणि सुनावणीत समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो. सगळं नीट चालवलं तर वर्षभर काहीच घडत नाही. मग अंदाजपत्रकाच्या बैठकीत विचारतात की यांना एवढा पैसा कशाला. बढत्या सावकाश. भांडणाचा जिला तिटकारा आहे तिनं इथं येऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. पण तुमच्या मुलीला तो आहे की नाही, हे तुमच्या पत्रातून मला कसं कळणार? तुमच्याशी ती भांडते आहे, यावरून थोडी आशा वाटते.

टक्क्यांबद्दल: ६८ पुरेत. दहावी-बारावीचे गुण आता कुणी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका.

स्पर्धा परीक्षा, निरीक्षकाची पदविका, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच; पदांची नावं आणि पात्रता जागोजागी बदलतात, त्या त्या जाहिरातीत बघाव्यात. एमबीए आत्ता नको. कुठलंच नको, तेव्हा नावंही देत नाही. चार-पाच वर्षं तिला फिरतीच्या कामात काढू द्या. मग तिला स्वतःलाच वाटलं तर सार्वजनिक आरोग्यातली पदवी घ्यावी, ज्यात साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र नीट शिकवतात अशी. जोडीला प्रशासकीय कायद्याची ओळख करून घ्यावी, कारण चुकीच्या कलमाखाली काढलेली नोटीस पहिल्याच तारखेला गळून पडते. आणि सोप्या भाषेत लिहायला शिकावं. ‘पाणी उकळून प्या’ हे तीन शब्द आहेत. बहुतेक कार्यालयांना त्यासाठी दीड पान लागतं.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका. तिला लिहू दे, तिला वाटलं तर. तिला निरीक्षक व्हायचंच नसेल, तिला तिसरंच काही हवं असेल, तर तेही मी तितक्याच आनंदानं ऐकेन आणि वरचं सगळं बाजूला ठेवीन. मी तिची बाजू घेतली असं तुम्हाला वाटेल, पण तिची बाजू मला अजून माहीतच नाही.

दहा दिवसांतले चार माझं उत्तर यायला गेले. स्वीकारपत्रावर तिची सही लागेल, बहुधा मूळ प्रमाणपत्रांच्या प्रतीही. त्या कुठल्या कपाटात आहेत ते तिला आजच दाखवा.