चौथ्या गाण्यालाच हात भरून येतो

प्रश्न : मी नंदगडचा, वय 23. आमचा ऑर्केस्ट्रा हळदी, गणपती, जत्रा असे कार्यक्रम करतो. दोन वर्षं बेस गिटार वाजवतोय, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) न घेता दोन बोटांनी. घरी दोन तास वाजवलं तरी काही होत नाही. स्टेजवर मात्र चौथ्या-पाचव्या गाण्यालाच उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत दगडासारखा घट्ट होतो. बोटं मागं पडतात, ड्रमर वळून बघतो. तीन तासांचा कार्यक्रम कसा काढायचा? पंजा दाबायचा स्प्रिंगचा ग्रिप आणलाय. तो रोज दाबला तर ताकद येईल का?

उत्तर : तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. घरी दोन तास काही होत नाही, असं तूच लिहिलंयस. म्हणजे ताकद आहे की! बेस तोच, तारा त्याच, बोटंही तीच. मग घर आणि स्टेज यांत फरक कशाचा, तेवढं शोधायचं आहे. ग्रिप तूर्त कपाटात ठेव.

आधी एक करून बघ. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धर आणि उजव्या हाताची बोटं हलव. हालचाल लागते ती तिथे. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते त्या भागात असतात. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा निघतात, मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातात आणि बोटांना ओढतात. त्या बोगद्यात नऊ कंडरा आणि एक मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, दाटीने बसलेली असते. स्नायू आवळला की त्यातला रक्तपुरवठा कमी होतो, सैल सोडला की पुन्हा सुरू होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये हात सैल पडत असेल तर तो तासन् तास चालतो. तो मध्ये सुटतच नसेल तर चौथ्या गाण्याला दगड होणारच. ग्रिप आवळायला शिकवतो, आणि तुला कमी पडतंय ते सोडणं.

हिशेबच मांडू. मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत, प्रत्येक मात्रेला दोन स्वर धरले तर मिनिटाला 200 स्वर होतात, पाच मिनिटांच्या गाण्यात हजार. कार्यक्रमात पंचवीस गाणी झाली की पंचवीस हजार. प्रत्येक स्वराला गरजेच्या दुप्पट जोर लावलास तर ती सगळी जादा मजुरी त्या कोपराखालच्या चार बोटं रुंद मांसाने करायची.

आता स्टेजवर जोर दुप्पट का होतो? कारण तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तुझा अ‍ॅम्प जमिनीवर, पायांच्या मागे असणार. तो आवाज पोटऱ्यांवर आदळतो, कानापर्यंत नीट पोचत नाही. शेजारी ऑक्टोपॅड, समोर साउंडवाल्याचे मोठे बॉक्स. ऐकू आलं नाही की बोटं आपोआप जोरात मारतात, डोक्याला विचारतही नाहीत. पुढच्या कार्यक्रमाला अ‍ॅम्प खुर्चीवर किंवा सोड्याच्या रिकाम्या क्रेटवर ठेव, किंवा मागे तिरका करून कानाच्या दिशेने वळव. मग अ‍ॅम्पचा आवाज तुला लागतो त्याहून जरा जास्त वाढव आणि बोटांनी कमी कर. साउंड चेकला सगळे पूर्ण जोरात वाजवत असताना तू निम्म्या जोराने वाजवून बघ. तरीही ऐकू येत असेल तर तोच तुझा रोजचा जोर. वरचा निम्मा शेवटच्या दोन गाण्यांसाठी राखून ठेव. मी इतकी वर्षं शिकवतोय, दहातल्या आठ मुलांचा हात एवढ्यानेच मोकळा झालेला पाहिलाय.

आता तारेवरचं बोट जवळून बघ. बोटाचं टोक तारेखाली आकडा घातल्यासारखं खोल जात असेल तर प्रत्येक वेळी तार उचलावी लागते, ती फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आपटून खडखडते आणि परत यायला बोटाला लांबचा रस्ता पडतो. फक्त टोकाचा मऊ भाग तारेवर ठेव, तारेच्या आरपार जाऊ दे आणि वरच्या जाड तारेवर टेकू दे. टेकला तो क्षण विश्रांतीचा. तेवढ्यात दुसरं बोट निघालेलं असतं. बारीक तारेवरून जाड तारेवर येताना बोट आधीच तिथे टेकलेलं असतं, मग त्याच बोटाने पुढचा स्वर काढ. उगीच दुसऱ्याची पाळी लावायला जाऊ नकोस. ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली अडकवलेल्या पट्टीजवळ, तार ताठ लागते, नेककडे (लांब दांडीकडे) सरकशील तशी मऊ. संथ गाण्यांना दोन-तीन इंच नेककडे सरक, हाताला तेवढाच उतार.

मनगट सरळ हवं. बरेच जण कोपराखालचा हात बेसच्या वरच्या कडेवर टाकतात आणि तिथून पंजा काटकोनात खाली सोडतात. मघाशी सांगितलेला बोगदा तिथेच चिरडतो. कोपर थोडा मागे घे, अंगठा तारांखालच्या पिकअपवर (आवाज पकडणाऱ्या पट्टीवर) नुसता टेकव, दाबू नकोस. पट्टा एवढाच ठेव की बसून आणि उभ्याने बेस एकाच उंचीवर येईल. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बेस फोटोत छान दिसतो, पण दोन्ही मनगटं मोडतो.

डाव्या हाताबद्दल तू विचारलं नाहीस, तरी एक ओळ: अंगठा नेकपासून पूर्ण काढून एक गाणं वाजवून बघ, म्हणजे अंगठ्याने तू किती आवळत होतास ते कळेल.

रियाज असा कर. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 70 ठोक्यांवर लाव, खुली ए तार, प्रत्येक ठोक्याला चार स्वर, अगदी हळू आवाजात. तार खुली असल्यामुळे डावा हात रिकामा राहतो. त्याने उजव्या हाताचा तो मांसल भाग चाचपत राहा. मऊ लागला तर दोन मिनिटं वाजव, मग अर्धा मिनिट दोन्ही हात खाली सोडून दे. घट्ट होऊ लागला की त्याच क्षणी थांब, लय चार-पाचने कमी कर. लय दोन-दोननेच वाढव, आणि तीही हात मऊ राहत असेल तरच. 120 ला पोचशील तेव्हा सेकंदाला आठ स्वर होतील, म्हणजे प्रत्येक बोटाला चार. जोर लावून तिथे कुणी टिकत नाही. रोज वीस मिनिटं पुरतात, पण घड्याळ लावून. आणि स्टेजवर चढण्याआधी दहा मिनिटं हळू वाजव. थंडीतल्या उघड्यावरच्या जत्रेत तर हे चुकवू नकोस.

गाण्यांचा क्रमही तुमच्याच हातात असतो. आपल्याकडे मराठी, हिंदी, कन्नड अशा तिन्ही फर्माइशी येतात आणि नाचाची गाणी ओळीने मागितली जातात. कीबोर्डवाल्या दादांना आधीच सांग, चार जलद गाण्यांनंतर एक संथ. गायकाचा गळाही तेच मागत असतो.

आणि बेस दाखवून घे. बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. स्वस्तातले बेस चार-चार मिलिमीटरवर येतात. खानापूर भागातल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नेक हलते आणि तारा वर-खाली होतात. नेकमधला ट्रस रॉड (नेक सरळ राखणारी सळई) जाणकाराकडूनच फिरवून घे, एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. 45 ते 105 जाडीच्या तारा असतील तर एकदा 40 ते 95 चा बारीक सेट लावून बघ. कुणी तुला सांगेल की मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन उंच, जाड तारा एकाच बोटाने वाजवायचा. खरं आहे. पण तो आधी उभा डबल बेस वाजवणारा माणूस होता, त्याचा हात त्या वजनावरच तयार झाला होता.

आता जे सांगतो ते माझ्या चुकीतून. वीसेक वर्षांपूर्वी विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून मी संध्याकाळपासून उजाडेपर्यंत वाजवलं. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते, हे तुला सांगायला नको. पुढच्या मंडळाचा ढोल, मागे जनरेटर, मला माझा एक स्वर ऐकू येत नव्हता. पहाटे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं. दमलोय म्हणून सोडून दिलं. पुढे नवरात्र, तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई, सगळं वाजवलं. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची, उठून हात झटकायचो. डिसेंबरात शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. मनगटातली नस दबली होती. रात्री मनगटाला पट्टी बांधून झोपायचं आणि दोन महिने बेसला हात लावायचा नाही. पहिल्या पहाटे थांबलो असतो तर बहुधा आठवड्यात निभावलं असतं.

त्या दोन महिन्यांत मला आधार वाटला तो बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा. क्षयाने त्यांचं गाणं काही वर्षं बंद पडलं होतं, आणि उठल्यावर ते उरलेल्या श्वासात बसेल अशा नव्या रीतीने गायले. मीही पुन्हा सुरुवात केली ती दिवसाला दहा मिनिटांनी, नव्या हाताने.

म्हणून हा फरक लक्षात ठेव. स्नायू भरून येणं थांबल्यावर काही वेळात ओसरतं, तो थकवा. टोचणारी कळ, मुंग्या, बधिरपणा किंवा सकाळपर्यंत राहिलेलं दुखणं हा थकवा नव्हे. अंगठ्यापासून तीन बोटांना मुंग्या आल्या तर बहुधा मनगट बघावं लागतं, करंगळीकडे आल्या तर बहुधा कोपर. दोन्हींत वाजवणं थांबव आणि डॉक्टरांना दाखव. मानधन बुडालं तरी चालेल, बाळा. बदली बेसवाला मिळतो.

प्रश्न : निपाणीत शिक्षिका आहे, वय 41. मुलाचा बेस घेऊन शिकायला लागले. हात लहान आहेत, पहिल्या चार फ्रेटवर बोटं ताणून दुखतात. नाद सोडू का?

उत्तर : सोडू नका, ताई. प्रत्येक फ्रेटला एक बोट हा नियम खालच्या फ्रेटवर पाळायची गरज नाही. तिथे फ्रेटमधली अंतरं सर्वांत मोठी असतात. डबल बेसवाले करतात तसं करा: पहिलं बोट, दुसरं बोट आणि तिसरं-चौथं मिळून एक, म्हणजे तीन फ्रेटमध्येच हात राहतो. पुढच्या स्वरासाठी बोट ताणू नका, सगळा हातच सरकवा. करंगळीला अनामिकेचा टेकू मिळाला की दुखणं बरंच उतरेल. मुलाचा बेस नेहमीच्या मापाचा, म्हणजे तारेची लांबी 34 इंचांची असणार. 30 इंचांचे बेसही मिळतात. त्यांत अंतरं कमी आणि तारा मऊ. तो लहान मुलांचा बेस असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. मोठमोठ्या वादकांनी तोच वाजवलाय.

प्रश्न : उजव्या बोटांना फोड आलेत, परवा चिकोडीजवळ कार्यक्रम आहे. फोडू का?

उत्तर : फोडू नका, आतली कातडी उघडी पडली की परवा वाजवणं अशक्य होईल. आज-उद्या बोटं कोरडी ठेवा, भांडी-धुणं टाळा. परवा वाजवताना बोटाचा कोन थोडा बदला, म्हणजे तार फोडाच्या बाजूला लागेल, आणि दुखऱ्या बोटाला जलद गाण्यांत अनामिकेची बदली द्या. फोड आपोआप फुटलाच तर साबणाने धुऊन पट्टी लावा आणि त्या दिवशी पिकने वाजवा.